आधी दोर, मग टिचकी

भरे गावातले कुशाबा पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मी त्यांना एकोणतीस वर्षं ओळखते. त्यांच्याबद्दल लिहायचं तर फणसापासूनच सुरुवात करायला हवी, कारण आमची ओळख फणसामुळे झाली, आणि तीही माझ्या चुकीमुळे.

१९९६ साली आम्ही भऱ्याच्या वरच्या अंगाला ही जागा घेतली. ती कुशाबांच्या चुलत्यांची होती. व्यवहार ठरला तेव्हा चुलत्यांनी माझ्या यजमानांना एवढंच सांगितलं होतं, की मागच्या दोन फणसांना आमचा कुशाबाच हात लावतो, ते तसंच चालू द्या. हे, म्हणजे बंडोपंत, पुण्यात वाढलेले, मीही पुण्यातलीच. झाड आपल्या कुंपणात आहे तर त्याला विचारायचं कशाला, असं आम्हाला वाटलं. त्या मे महिन्यात यांनी शेजारच्या बांधकामावरच्या माणसाला हाताशी धरून नऊ फणस पाडले. पाडले हाच शब्द बरोबर आहे. दणादण जमिनीवर आदळले सगळे. मी ते ओळीने पडवीत मांडले आणि पिकायची वाट पाहू लागले.

चौथ्या दिवशी कुशाबा आले. तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. सडपातळ, डोक्यावर टोपी, कमरेला लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता. मागे त्यांची बायको रत्नाबाई, हातात गुंडाळलेला दोर आणि गोणपाट. दोघं दरवर्षीप्रमाणे फणस उतरवायला आले होते. पडवीतली रांग पाहून कुशाबा तिथेच थांबले. एका फणसावर वाकले, बोटाच्या पेराने त्यावर तीनदा टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"बाई, आठव्या म्हैन्यात लेकरू वढून काढावं तसं केलंत तुमी."

मी ओशाळले. म्हटलं, "पिकतील की चार दिवसांत."

"कुजत्याल," ते म्हणाले. "पिकायला आदी जून व्हावं लागतं."

नऊच्या नऊ कुजले. आतून काळे पडले, बाहेरून पाणी सुटलं. ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे. कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला सिस्टरनी रोज दहा ओळी लिहायची सवय लावली होती, ती सुटली नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः कुशाबांच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. तेव्हापासून अर्धे फणस त्यांचे, अर्धे आमचे, आणि झाडाला कोयता फक्त त्यांचा.

फणस काढण्याजोगा झाला हे कसं ओळखायचं, ते मी त्यांना दरवर्षी विचारत असे आणि ते दरवर्षी थोडं थोडं सांगत. देठाजवळचं शेवटचं पान पिवळं पडतं. काटे आधी दाटीवाटीने टोकदार असतात, ते हळूहळू एकमेकांपासून लांब होतात आणि चपटे पडतात. रंग हिरव्यावरून मातकट होतो. वास यायला लागला की उशीर झाला, मग माकडं आणि खारी आपल्या आधी पोचतात. पण हे सगळं नुसतं जवळ जायला उपयोगी. शेवटचा निकाल टिचकीचा. कच्च्या फणसाचा आवाज टणक येतो, लाकडावर वाजवल्यासारखा. जून झाला की आवाज खोल जातो, आत पोकळी असल्यासारखा. कुशाबा तीन ठिकाणी टिचकी मारत, देठाजवळ, पोटावर आणि शेंड्याला. आणि कान अगदी जवळ नेत.

उतरवण्याची रीतही ठरलेली. दोराचं एक टोक वरच्या बेचक्यातून ओवून फणसाच्या देठाला बांधायचं, दुसरं टोक खाली रत्नाबाईंच्या हातात. त्यांनी दोर ताणून धरला की कुशाबा कोयत्याने देठ छाटत. मग रत्नाबाई हात ढिला करत करत फणस गोणपाटावर अलगद टेकवत, आणि चीक गळून जावा म्हणून देठाची बाजू खाली करून आडवा ठेवत. दोघं कामात असताना बोलत नसत. फार तर रत्नाबाई म्हणायच्या, "हळू," आणि कुशाबा वरून म्हणायचे, "तुलाच हळू."

हे सगळं वटपौर्णिमेला धरून चाले. आमच्याकडे वडाला पाच फळांत फणसाचा गरा लागतो. भऱ्यातल्या बायका त्या दिवशी कुशाबांच्या दारातून गरे नेतात. म्हणून पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी ते माझ्या झाडाचे मोठे फणस काढत, म्हणजे नेमके त्या सकाळी पिकलेले असत. मी इतकी वर्षं पाहिलं, त्यांचा एक दिवसही चुकला नाही. गावात कुणाच्या झाडावर कधी कोयता चालवायचा, ते कुशाबा सांगत. विठ्ठलराव म्हणून एक सधन शेतकरी आहेत, त्यांनी आता लवळ्याच्या बाजूला विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधल्यात. तेही आपल्या चार झाडांपुरते कुशाबांचंच ऐकत. कुशाबांची दोन एकर होती, ती वाटण्यांत गेली. मुलगा अमोल पिरंगुटला नोकरीला. त्यांच्या नावावर गावात जे काही उरलं होतं, ते हेच.

२०२५ च्या फेब्रुवारीत रत्नाबाई वारल्या. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं आणि अकराव्या दिवशी गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा कुशाबा ओट्यावर बसले होते. मी काहीतरी बोलले, सांत्वनाचंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि दुसरीकडे बघू लागले. दुःखाने मन ठिकाणावर नाही, असं मी समजले.

१८ मेला, रविवारी, ते फणसाला आले. दोर धरायला अमोल होता. वरून सहा फणस उतरले. अमोलचं एक लक्ष फोनकडे होतं, पण दोर त्याने नीट सोडला, एकही आपटला नाही. मी माझे तीन पडवीत ठेवले. पाचव्या दिवशी वास आला नाही. आठव्या दिवशी देठाशी काळा डाग पडला. दहाव्या दिवशी मी एक कापून पाहिला. आत पांढरे, चिवट, पाणी सुटलेले गरे. मी तो पुरून टाकला. कुशाबांना सांगायची हिंमत झाली नाही.

सांगावं लागलंच नाही. विठ्ठलरावांचे चार फणस तसेच गेले होते. दोनच दिवसांनी मी दुकानात गेले असताना ते चारचौघांत म्हणत होते, "कुशाबाचा हात रत्नाबाईसंगं गेला. आता ते काय खरं न्हाई. मी आपला लांब काठीच्या लग्गीनं फणस काढनारा पोरगा बोलावतो." आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले. पण हसले.

कुशाबा त्याच दुकानाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. ते वळले नाहीत. मला वाटलं, किती सोसतात.

१ जूनला अमोल माझ्याकडे आला. चहा घेतला. मग म्हणाला, "आजी, दादांना तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात ते. आता झाडावर चढू नका म्हनावं. या वर्षी मेपासनंच पाऊस लागलाय, खोडं सगळी बुळबुळीत झाल्यात. आणि काढून तरी काय, कच्चंच काढत्यात. लोकं हसत्यात, मला बरं वाटत न्हाई."

"तू सांगितलंस का?"

"मी बोललो की नुसतं बघत्यात माझ्याकडं. हा म्हनत न्हाईत, ना म्हनत न्हाईत. आई गेल्यापासनं तसंच."

"आणि वटपौर्णिमा?"

"यंदा बाजारातनं आणत्याल बायका. घरात आईचं वर्स सरलं न्हाई, आमचा तर सण न्हाईच."

मी त्याला म्हटलं, बोलते. पण काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. एखाद्याला त्याचं आयुष्यभराचं काम सोड म्हणायचं, तर निदान ते बिघडलं कशाने हे तरी आपल्याला माहीत असावं. मी माझ्या डायऱ्या काढून बसले. फणसाच्या नोंदी सगळ्या मे-जूनमधल्या, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी वीसेक वर्षं वाचून काढली. बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेचं लिहिलेलं. कुशाबा चढले, टिचकी मारली, दोर बांधला, काढला. किती फणस, किती दिवसांत पिकले.

मग २०२१ ची नोंद लागली. १४ मे. करोनाची दुसरी लाट होती, सगळे तोंडाला फडकी बांधून. मी लिहिलं होतं, "आज कुशाबा आधी दोर बांधतात, मग टिचकी मारतात. मग खाली बघतात. रत्नाबाई दोनदा दोर ओढतात, मग छाटतात. एकाला ओढला नाही, तो तसाच ठेवला, दोर सोडून घेतला. पूर्वी आधी टिचकी असे. मी विचारलं तर रत्नाबाई म्हणाल्या, असंच सोयीचं पडतं." त्याच पानावर खाली, "कुशाबा म्हणाले, समदं गाव तोंडातल्या तोंडात बोलाय लागलंय, फडक्यानं काय बी समजत न्हाई."

पुढच्या तिन्ही वर्षी तसंच. आधी दोर, मग टिचकी. मी इमानाने लिहीत गेले आणि एकदाही मला काही सुचलं नाही.

कच्च्या फणसाला दोर बांधायचाच कशाला? बांधणं, सोडणं, पुन्हा बांधणं, ओल्या फांदीवर तोल सावरत. कुणी शहाणा माणूस उगाच करणार नाही. टिचकी वर वाजत होती, पण ऐकत होत्या खाली रत्नाबाई. दुपारी इथे चिटपाखरू नसतं, आवाज स्पष्ट खाली येतो. फणस जून असेल तर त्या दोरातून कळवत, कुशाबांच्या हाताला. चार वर्षं कुशाबांना ऐकू येत नव्हतं आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी ३ जूनला त्यांच्याकडे गेले. ते गोठ्यापाशी पाठमोरे होते. मी दहा पावलांवरून हाक मारली. मग पाचवरून. मग अगदी मागे उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "कुशाबा, तुमच्या घराला आग लागलीय." ते शांतपणे वैरण टाकत राहिले.

मी समोर गेले तेव्हा दचकले. मी पर्समधून डायरीचा कागद काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?" ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत. बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द वाचला. कागदाची घडी केली, टोपीच्या आत सरकवली आणि गव्हाणीच्या कडेवर बसले.

"रत्नीला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर सात वर्षं होते, तिथनं कानाला लागलं, असं त्यांनी सांगितलं. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. लोकांच्या ओठांवरून भागवत होते. तोंडावर फडकी आली तेव्हा स्वतःलाच कळलं, किती गेलंय ते.

"डॉक्टरला दाखवायचं, मशीन मिळतं कानाचं," मी ओठ हलवत हळू म्हटलं.

"मशीन लावून झाडावर चढायचं? समदी म्हनत्याल, बहिरा टिचकी मारतोय." मग म्हणाले, "अमोलला सांगू नका, बाई. सांगितलं की संपलं. पुनवंचे फणस तेवढे काढू द्या. रत्नी अंथरुनावर व्हती तवा मला खुणंनं सांगत व्हती, पुनवंला गरे चुकवू नका म्हून. आवंदा चुकले तर लोकं म्हनत्याल तसंच व्हईल. हात बायकोसंगं गेला. म्हंजी समदं तिचंच व्हतं, माझं काय न्हवतंच."

म्हणजे दुकानातलं बोलणं त्यांना कळलं होतं. ऐकून नाही, नंतर लोकांच्या तोंडाकडे बघून.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. अमोलला शब्द दिला होता. पण मी म्हटलं, दोर मी धरते. शाळेत मी पियानोच्या परीक्षा दिल्या होत्या, आपला कान चांगला आहे अशी माझी समजूत होती. शिवाय एकोणतीस वर्षं मी त्या झाडाखाली उभी होते. आणखी काय हवं?

५ जूनला, गुरुवारी, अमोल पाळीवर गेला आणि आम्ही फणसाखाली जमलो. कुशाबा, मी, आणि गोणपाट उचलायला म्हणून त्यांची सून शुभांगी. शुभांगी जवळच्या चांदे गावची. अंगाने बारीक, बोलायला कमी. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती सासूबरोबर येत असे, एवढंच मी पाहिलं होतं.

रात्रीचा पाऊस सकाळी थांबला होता. खोड काळं, ओलं. कुशाबांनी तळवे मातीत घोळवले आणि चढले. पहिला फणस खोडावरच होता, फार उंच नाही. त्यांनी दोर बांधला, तीन टिचक्या मारल्या आणि खाली पाहिलं.

मला आवाज स्पष्ट ऐकू आला. अगदी स्पष्ट. पण त्याचा अर्थ लागेना. टणक होता का? थोडासा. खोल होता का? तोही थोडासा. कशाच्या मानाने टणक, कशाच्या मानाने खोल? मी सगळं लिहून ठेवलं होतं, आणि तो आवाज लिहून ठेवण्याची गोष्टच नव्हती. वर म्हातारा माणूस एका हाताने फांदी धरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, फार वेळ लावला तर तो थकेल. मी दोनदा दोर ओढला.

त्यांनी छाटला. फणस खाली आला. शुभांगीने तो आडवा केला, पेराने त्यावर वाजवलं आणि बाजूला सारला. तिच्या तोंडाकडे बघून मी समजले.

दुसऱ्या फणसाला त्यांनी टिचकी मारली तेव्हा माझा हात दोरावरच राहिला. ओढवेना, सोडवेना.

"ढिला सोडा, आजी," शुभांगी माझ्या मागून म्हणाली. "कच्चा हाय."

"तुला कळतं?"

"आत्यांनी दोन वर्सं कान धरून शिकवलंय. चुकले की डोक्यात टपली. आवाज पोटातनं आला पाहिजे म्हनायच्या, सालीवरनं न्हाई."

"मग मेमध्ये गप्प का बसलीस, बाई? सगळे फणस वाया गेले."

"दोर ह्यांच्या हातात व्हता. मला द्या म्हनले असते तर ह्यांनी इचारलं असतं, तुला कशाला? मग मामंजींचं समदं उघडं पडलं असतं. आत्यांनी मला शपथ घातली व्हती." ती वर बघत होती. "आनि मामंजींनी मला इचारलं न्हाई. त्यांनी इचारल्याबिगर मी कसा हात घालू?"

मी तिच्या हातात दोर दिला.

कुशाबा खाली बघतच होते. दोर हातातून हातात गेलेला त्यांनी पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला इतक्या खालून दिसलं नाही. मग ते वरच्या फांदीवर सरकले, तिसऱ्या फणसाला दोर बांधला आणि टिचकी मारली. शुभांगीने ऐकलं आणि दोन झटके दिले, लागोपाठ, आखूड. कुशाबांनी कोयता काढला.

तसे तीन फणस उतरले. तिन्ही चांगले मोठे. तीन टिचक्या, दोन झटके, कोयत्याचा घाव, आणि फणस तरंगत खाली. मी नुसती बघत होते. त्यापुढचा फांदीच्या टोकाकडे होता. कुशाबांनी दोर बांधला आणि जवळ जायला उजवा पाय जुन्या, वाळक्या खुंटावर टेकला.

खुंट कडकडला. आम्ही दोघींनी ऐकलं, वळचणीच्या कबुतरांनीसुद्धा ऐकलं, ती उडाली. फक्त कुशाबांनी ऐकलं नाही. ते पायावर भार टाकतच होते.

"मामंजी!" शुभांगी ओरडली. ओरडून उपयोग नाही हे तिला माहीत होतं, तरी ओरडली. आणि तिने दोर दोन्ही हातांनी असा गदागदा हलवला की वरचा फणस त्यांच्या छातीवर आपटला. कुशाबांनी चमकून पाय मागे घेतला आणि खोडाला मिठी मारली. खुंट सुटून खाली आला आणि माझ्यापासून चार हातांवर पडला.

ते तसेच राहिले. गाल खोडाला टेकलेला, डोळे मिटलेले. मग दोर सोडवून घेतला आणि सावकाश, एकेक पाय चाचपत खाली आले. जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या एका दमात रिकामा केला.

"आवाज झाला व्हता?" त्यांनी शुभांगीला विचारलं.

तिने मान हलवली.

"मोठा?"

तिने पुन्हा मान हलवली आणि तोंडाला पदर लावला.

कुशाबांनी तळव्यांची माती सदऱ्याला पुसली. मग मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडं ती ॲल्युमिन्यमची शिडी हाय न्हवं, दिवे बदलायची?"

शिडी आम्ही तिघांनी मिळून आणली. कुशाबांनी ती स्वतः रोवली, पायाशी दगड लावले, हलवून हलवून पाहिली. मग कमरेचा आकडा सोडला आणि कोयत्यासकट शुभांगीपुढे धरला. तिने घेतला नाही. आमच्याकडे बाईमाणूस फळझाडाला कोयता लावत नाही. झाड आटतं, म्हणतात.

"लोकं काय म्हनत्याल, मामंजी?"

हे त्यांना ओठांवरून कळलं असावं. "मला कुटं ऐकू येनाराय?" ते म्हणाले. रत्नाबाई गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. लगेच ते थांबलंही. "चढ. खोडावरचे शिडीवरनं मिळत्यात तेवढेच घ्यायचे. टोकाचे ऱ्हाऊ दे माकडांना. दोर मी धरतो."

तिने पदर खोचला आणि शिडी चढली. वर तिने टिचकी मारली आणि विचारायला म्हणून खाली बघितलं. कुशाबांनी दोर ताणला नाही, ढिलाही सोडला नाही, नुसता धरून ठेवला.

"माझ्याकडं काय बघतीस? तुझं तू ठरव," ते म्हणाले.

तिने पुन्हा टिचकी मारली आणि घाव घातला. असे दोन निघाले. मी त्या रात्री नोंद केली. पाच चांगले, एक माझ्या चुकीने कच्चा.

१० जूनला वटपौर्णिमा होती. मी स्वतः वडाला जात नाही, यांना जाऊन चौदा वर्षं झाली. पण फणस कापायला सकाळी कुशाबांच्या घरी गेले. हाताला खोबरेल लावून शुभांगी कोयता चालवत होती. पहिला फणस दुभंगला आणि घरभर वास सुटला. गरे पिवळेधमक, कडक, कुठे एक डाग नाही. अमोल उंबऱ्यात उभा होता. त्याला काय माहीत झालं होतं आणि काय नव्हतं, ते मी विचारलं नाही. त्याने एक गरा उचलला, खाल्ला आणि टोपली डोक्यावर घेऊन वडाकडे निघाला. आम्ही मागून गेलो. घरात वर्ष व्हायचं होतं म्हणून शुभांगी पूजेला नव्हती, गरे वाटायला तेवढी आली होती.

बायका सूत गुंडाळत फेऱ्या घालत होत्या. पुरुष मंडळी पलीकडे पारावर. विठ्ठलरावांनी दोन गरे तोंडात टाकले, तिसरा हातात घेतला आणि चघळत, बाकीच्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "वा! कुशाबाचा हात परत आला म्हनायचा! मी म्हनलंच व्हतं, दुःखानं चुकला असंल. खरं ना, कुशाबा?"

गेलेलं नाव असं परत मिळत होतं त्यांना, फुकट. नुसती मान डोलवायची होती. विठ्ठलरावांनी नाव घेतल्यावर सगळे आपल्याकडे बघतायत हे कुशाबांनी पाहिलं. मी जवळच होते. मला वाटलं, डोलवतील. मला वाटलं, डोलवावी.

"हिकडं तोंड करून बोल, विठ्ठल," कुशाबा म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, बायकांच्या फेऱ्या थांबल्या. "मला ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. टिचकी मी मारायचो, आन् ऐकायची रत्नी. मेमंदी तुजे फणस मी नासवले. हे आवंदाचे सुनंनं काढल्यात. कोयता बी तिनंच लावलाय."

अमोल टोपलीपाशी वाकलेला होता, तो तसाच राहिला. विठ्ठलरावांच्या हातातला गरा हातातच होता. ते शुभांगीकडे वळले.

"व्हय गं? तू चढलीस?"

"व्हय."

"झाडाला काय झालं मंग?"

"काय न्हाई. उभं हाय."

पारावर कुणीतरी खुदकन हसलं. विठ्ठलरावांनी तो गरा खाल्ला, आठळी खिशात ठेवली. "आमच्याकडं दोन ऱ्हायल्यात अजून," ते म्हणाले. "उद्या येशील?"

शुभांगीने अमोलकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. कुशाबांची पाठ आता आमच्याकडे होती. ते एका म्हातारीच्या पदरात गरे घालत होते.

"दोर मामंजी धरत असत्याल तर येते," ती म्हणाली. "एकटी न्हाई येनार."

"बरं, दोघं या," विठ्ठलराव म्हणाले. मग कुशाबांच्या समोर जाऊन उभे राहिले, त्यांच्याकडे तोंड करून, आणि तेच पुन्हा एकदा, सावकाश म्हणाले.